व्हडलीचं जेवण

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, पडलेलं ते भोक मी पाहिलं तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. गोव्यातल्या मांद्रेच्या किनाऱ्यावर रात्री जाळं ओढून झालं होतं, पण एरवी वाटे करताना उठतो तो गलका नव्हता. माणसं गप्प उभी होती. आमचं घर मासेमारीचं नव्हे, पण रापणीचा दोर ओढायला गावातलं कोणीही जायचं आणि हात लावला की वाटा मिळायचा. म्हणून आजोबा गेले होते, आणि त्यांच्या मागे मी.

कोणीतरी पेट्रोमॅक्स जवळ आणला. आजोबांनी जाळं दोन्ही हातांनी ताणून धरलं, वाकले आणि त्या भोकातून अख्खे अलीकडे येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी कडेला हात लावून पाहिला. सुरीने कापल्यासारखं ते नव्हतंच. दोरे ताणून ताणून तुटले होते, प्रत्येकाचं टोक कापसासारखं पिंजलेलं होतं आणि त्या ओल्या टोकांना बांगड्यांचे बारीक खवले चिकटून बत्तीच्या उजेडात लकाकत होते.

"व्हडलो येवन गेलो," आजोबा म्हणाले.

व्हडलो म्हणजे थोरला, पण तो कोण, ते कोणीच विचारलं नाही. मोठी मोरी, म्हणजे शार्क, असेल. त्या काळी आपल्या खाड्यांच्या तोंडाशी करवत मासेही यायचे, तेही असेल. पण माझ्या मनात त्या रात्रीपासून एक जनावर पोहतंय. मी मोठी झाले, शिक्षिका झाले, चाळीस वर्षं गेली, तरी ते वरती आलेलं नाही आणि मेलेलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी ते भाचीला देऊन टाकलं. ती अकरा वर्षांची आहे, शाळेसाठी आमच्याकडेच राहते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीचे दिवस. होड्या माडाच्या झापांखाली झोपलेल्या, समुद्र मातीच्या रंगाचा, आणि संध्याकाळी वीज गेली की करायला काही नाही. मी भोकाची गोष्ट सांगितली. तिने दोनशे पानी वही काढली, वर मोठ्या अक्षरांत 'व्हडलो' लिहिलं आणि पहिल्याच पानावर शंभर मीटर लांब, दातांच्या सात रांगा असलेला प्राणी काढला. दात फार मन लावून काढले होते.

मी एकच नियम घातला. समुद्राला परवडणार नाही ते खोडायचं.

मग मी तिला विचारलं, हा जेवतो काय?

माझा अनुभव असा, की मोठ्या जनावराची गोष्ट सांगणारे सगळे तोंडाशी थांबतात. जबडा, सुळे, डोळे. पोटाकडे कोणी बघत नाही. पण जनावराचं खरं चरित्र पोटात असतं, आणि आम्ही दोघींनी ते पोटापासून लिहायला घेतलं.

खऱ्या समुद्रात दातांनी शिकार करणारा सगळ्यांत मोठा प्राणी स्पर्म व्हेल. पूर्ण वाढलेला नर सोळा मीटर लांब, वजन पंचेचाळीस टनांच्या आसपास, आणि दिवसाला जवळपास टनभर जेवण. आता लांबी दुप्पट केली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं, कारण जनावर रुंदीत आणि उंचीतही वाढतं. हे भाचीला पटवायला रव्याच्या लाडवांची मदत घ्यावी लागली. दुप्पट व्यासाचा एक लाडू वळायला आठ लाडवांचा रवा गेला आणि तिचे डोळे विस्फारले. त्या हिशेबाने शंभर मीटरचा व्हडलो अकरा हजार टनांचा. मोठ्या शरीराला किलोमागे कमी अन्न पुरतं ही सवलत दिली, तरी त्याला रोज साठेक टन कुपा किंवा तसाच मोठा मासा हवा. वर्षाला बावीस हजार टन.

आणि इथे समुद्राचा तो कठोर कायदा आडवा येतो. एका पायरीवरचं जेवण वरच्या पायरीवर पोचेपर्यंत साधारण दहावा हिस्सा उरतो. बाकीचं पोहण्यात, श्वासात, हगण्यात, मरण्यात जातं. बावीस हजार टन कुपा घडायला सव्वादोन लाख टन बांगडे, तारल्या, माणक्या (स्क्विड) लागणार. आपल्या गोव्यात समुद्रातून वर्षाला लाखभर टन मासळी निघते. म्हणजे सगळ्या जेटी, सगळे ट्रॉलर, पागेर-कांटाळ्यांसारखी सगळी जाळी, सगळं राज्य मिळून दोन वर्षांत जे काढतं, ते या एकट्याला एका वर्षात हवं.

भाची बराच वेळ आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, मग हा उपाशीच मेला असता."

तिने खोडलं. दातांच्या सात रांगांसकट पान खोडताना तिचा खालचा ओठ थरथरत होता, पण खोडलं.

मग आम्ही उलट बाजूने आलो. पूर्वी कोण होतं? मेगालोडॉन नावाची प्राचीन मोरी, तिचे दात तळहाताहून मोठे, सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी ती संपली. पेरूच्या वाळवंटात 2008 साली एका शिकारी व्हेलची तीन मीटर लांबीची कवटी सापडली, दात छत्तीस सेंटिमीटरपर्यंतचे. लिव्हिआटन हे त्याचं नाव. ही दोघं छोट्या व्हेल खाऊन जगायची आणि त्यांचीही लांबी पंधरा-वीस मीटरच्या आसपासच थांबली. सगळ्यांत मोठा प्राणी म्हणजे निळा देवमासा, तो तीस मीटरपर्यंत जातो, पण तो शिकारी म्हणून वरच्या पायरीवर बसलेलाच नाही. तो खाली उतरून थेट कोळंबीसारखे बारीक जीव गिळतो. देवमुशीही तेच करते, माशांमधली ती सगळ्यांत मोठी आणि खाणं सगळ्यांत बारीक. ज्याला फार मोठं व्हायचंय त्याने बारीक खावं, आणि ज्याला मोठं खायचंय त्याने थोडंच असावं. समुद्राने दिलेली ही दोन उत्तरं मला फार सुंदर वाटतात.

आमचा प्राणी शेवटी अठरा मीटरवर आला. वजन साठ टन, रोजचं जेवण सव्वा टन. वर्षाला 450 टन मोठी शिकार, तिच्याखाली 4,500 टन लहान मासळी, तिच्याखाली 45,000 टन डोळ्यांना जेमतेम दिसणारे तरंगते जीव आणि सगळ्यांत खाली 4,50,000 टन हिरवं शेवाळ, एकेक पेशीचं. भाचीने हा मनोरा वहीच्या दोन पानांवर काढला. तळाचा हिरवा रंग कागदाला पुरेना, म्हणून तिने पाठीमागचं पानही रंगवलं.

पुढचा प्रश्न मी टाळत होते, कारण त्याचं उत्तर मला लहानपणीच्या माझ्या जनावरापासून लांब नेणार होतं. हा श्वास कसा घेतो? मी मनात नेहमी मासाच पाहिला होता, कल्ल्यांचा. पण अरबी समुद्रात कल्ल्यांच्या राक्षसाला जागा नाही.

आपला समुद्र वरून भरलेला आणि मधून गुदमरलेला आहे. नैऋत्य मोसमी वारा आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या किनाऱ्याजवळचं पाणी ढकलतो, खालचं थंड, खताचं पाणी वर येतं, शेवाळ बेसुमार वाढतं. ते मरून खाली पडतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. उत्तरेला जमीन आहे, तिकडून ताजं पाणी यायला वाट नाही. म्हणून साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत एक जाड थर असा आहे, जिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. जगातल्या सगळ्यांत मोठ्या अशा थरांपैकी हा एक. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जी 1966 मध्ये स्थापन झाली, या थराचा जन्मभर पाठपुरावा केलाय. 1999 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर कांदोळीसमोरच्या उथळ पाण्यातही तळाशी प्राणवायू संपून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार झालेला त्यांच्या शास्त्रज्ञांना मिळाला. आपण ज्या किनाऱ्यावर चतुर्थीच्या सुट्टीत पाय भिजवतो, त्याच्या थोडं पुढे.

आता गंमत बघा. याच गुदमरलेल्या थरात दिवसा कोट्यवधी लहान कंदील मासे लपतात. त्यांनी थोड्या प्राणवायूवर जगायची कला साधलीय. त्यांच्या मागावरची मोठी माणकीही तिथवर उतरते, जांभळ्या पाठीची, अरबी समुद्रात ती इतरांहून दांडगी वाढते. कल्ल्यांचे मोठे शिकारी मात्र वरच अडकतात. इतकं भरलेलं कोठार, आणि दारावर प्राणवायूचा पहारा. तो पहारा कोण ओलांडू शकतो? जो श्वास वरून भरून घेऊन खाली जातो तो. स्पर्म व्हेल तासभर दम धरते, कारण तिचा प्राणवायू छातीपेक्षा रक्तात आणि स्नायूंत जास्त साठलेला असतो.

"मग आपला मासा नाही," भाची म्हणाली. "देवमाशासारखा आहे."

तिला आनंद झाला होता. मला क्षणभर वाईट वाटलं. चाळीस वर्षं जो माझ्या मनात कल्ले उघडझाप करत होता, त्याने त्या संध्याकाळी नाक वर काढून श्वास घेतला.

त्यापुढे वही भराभर भरली. कान चांगले हवेत, कारण खाली अंधार असतो आणि पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. स्वतः आवाज काढून त्याचा पडसाद ऐकायचा, हेही ठरलं. रंगाबद्दल आमचं जमलं नाही. ती पोट पांढरं म्हणते, मी काही म्हणत नाही.

पण पिलांपाशी पुन्हा थांबावं लागलं. साठ टनांच्या जनावराला वर्षाला एक पिल्लू होत नाही. गर्भ वर्षाहून जास्त, मग दूध पाजणं, मग शिकार शिकवणं. चार-पाच वर्षांत एक. ऑर्का या कळपाने शिकार करणाऱ्या काळ्या-पांढऱ्या देवमाशांकडून आम्ही एक गोष्ट उसनी घेतली. त्यांच्या माद्या चाळिशीच्या आसपास पिल्लं देणं थांबवतात आणि त्यानंतरही कित्येक दशकं जगतात, आणि कळपाच्या पुढे बहुतेक वेळा अशीच म्हातारी असते. मासळी कमी पडते त्या वर्षी कुठे जायचं ते तिला माहीत असतं. तिच्या डोक्यात नकाशा असतो आणि नातवंडं त्यावर जगतात.

हे वाचून दाखवलं तेव्हा भाचीने पेन घेतलं, पहिल्या पानावर गेली आणि 'व्हडलो'च्या ओकाराला वेलांटीने झाकून 'व्हडली' केलं. शेजारच्या घरात आजीला व्हडलीमांय म्हणतात. दिवसातून दहा वेळा ती हाक आमच्या अंगणापर्यंत येते. मला हे आधी कसं सुचलं नाही!

मग किती व्हडल्या? तिला एकच हवी होती. सगळ्या गोष्टींत एकच असते. पण एकटं जनावर ही जात नसते, तो फक्त शेवट असतो. निदान काही शेकडा तरी हवेत, म्हणून आम्ही तीनशे धरल्या. तीनशे व्हडल्यांच्या पायाखाली वर्षाला साडेतेरा लाख टन लहान मासळी. तिने गुणाकार दोनदा तपासला आणि मला विचारलं, "एवढे बांगडे आहेत?"

मी शिक्षिका आहे, आकड्यांना उत्तर द्यायची सवय आहे. पण मला बाजारातली टोपली आठवली. माझ्या लहानपणी तारल्या इतक्या यायच्या, की खाऊन उरलेल्या माडांच्या आळ्यात खत म्हणून पडायच्या. आज त्याच तारल्या मोजून मिळतात, काही वर्षी दिसत नाहीत. यामागे पाण्याचं तापमान आहे, वाऱ्याचं चक्र आहे, आणि आपण आहोत. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि पिलांसकट उचलायची, याला 2017 मध्ये बंदी आली. तरी किनाऱ्यावरून क्षितिजाकडे बघताना एखाद्या रात्री तो पांढरा उजेड मी पाहिलाय आणि माझा जीव तुटलाय. व्हडलीच्या मनोऱ्याची दुसरी पायरी तिथे उचलली जात असते.

मी तिला लुबानची गोष्ट सांगितली, कारण ती खरी आहे. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक छोटा समूह आहे. जगातले बाकी हंपबॅक थंड समुद्र आणि उष्ण समुद्र अशी ये-जा करतात, हे मात्र इथून जात नाहीत. अभ्यास सांगतो, सुमारे 70,000 वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे पडलेत. 1960 च्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत शिकारी ताफ्याने इथे दोनशेहून जास्त हंपबॅक मारले, लपवून. आता ओमानच्या बाजूला शंभरही नसावेत असा अंदाज आहे. त्यांतल्या एका मादीला 2017 मध्ये ओमानला उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा टॅग लावला. तिचं नाव लुबान, अरबीत ऊद-लोबानातला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून निघाली, आणि डिसेंबर संपत आला तेव्हा गोव्याच्या समोर होती. आपण नाताळची रोषणाई बघत होतो. तिकडे ती दक्षिणेला भारताच्या टोकाकडे गेली आणि नंतर पुन्हा आल्या वाटेला लागली.

"एकटी?" भाचीने विचारलं.

टॅग एकटीलाच होता, मी सांगितलं.

तिने व्हडलीच्या वाटेच्या नकाशात लुबानची वाट लाल पेन्सिलीने काढली. ओमानपासून गोव्यापर्यंत आणि खाली. व्हडलीची निळी वाट त्या लाल रेषेला कुठे कुठे स्पर्श करून जात होती. ती एकमेकींना ऐकतील एवढ्या अंतरावर तरी असाव्यात, असं तिचं म्हणणं.

मरणाचं पान तिने मला लिहायला लावलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, वर पोवळ्यांची बाग. त्याच्याही पलीकडे तळ खोल उतरत जातो. म्हातारी व्हडली तिथे कुठेतरी श्वास घ्यायला वर येत नाही. साठ टनांचं शरीर गुदमरलेल्या थरातून खाली जातं आणि त्याच्याही खालच्या थंड पाण्यात, जिथे प्राणवायू पुन्हा थोडा असतो, तळाला टेकतं. आधी मोऱ्या आणि वामीसारखे लांबट हॅगफिश मांस काढतात. मग खेकडे, किडे. मग हाडांत मुळं रोवणारे लाल पिसाऱ्याचे किडे येतात. त्यांना तोंडही नसतं आणि पोटही, आणि माणसाला ते 2002 मध्ये पहिल्यांदा दिसले. हाडांतल्या तेलावर जिवाणू, जिवाणूंवर शिंपले, असं गाव दशकानुदशकं नांदतं. जिने आयुष्यभर लाखो टनांच्या मनोऱ्यावरून खाल्लं, तिचं ते परतफेडीचं जेवण. हे लिहिताना मला आजोबांची चिता आठवली. ते वहीत नाही लिहिलं.

31 जुलैला संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. झापं काढली होती. माणसं इंजिनं तपासत होती, होडीच्या नाकावर हळदकुंकू लागलं होतं. पाऊस थांबला होता आणि पश्चिमेला एक पिवळी फट. भाचीने वही आणली होती, तिला शेवटचं पान इथेच भरायचं होतं.

तिने रापण काढली. मध्ये भोक, आणि भोकापलीकडे उभी माणसं, एकाच्या हातात बत्ती. मग पेन ठेवून विचारलं, "त्या रात्री जाळ्यात काय होतं?"

"बांगडे."

"सगळे सुटले?"

"बहुतेक सगळे."

तिने बराच विचार केला. व्हडली बांगडे खात नाही, एवढी वर, एवढ्या उथळ पाण्यात येत नाही, हे आम्हीच ठरवलं होतं, आणि नियम नियम होता. तिने बत्तीचा उजेड पिवळ्या रंगाने भरला. भोकातून बाहेर पडणाऱ्या बांगड्यांची एक लांब रांग काढली, पानाच्या कडेपर्यंत.

"पिल्लू असेल," ती म्हणाली. "पिल्लाला बांगडा चालतो. चुकून आत शिरलं असेल."

"आणि त्याची आजी?"

तिने पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे समुद्र खोल होतो तिथे, निळ्या पेन्सिलीने एक मोठं वाट बघणारं शरीर काढायला सुरुवात केली.